स्तनपानाचा आग्रह, पण मातेच्या वेदनेचे काय?

प्रतिनिधी, मुंबई

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या काळात जगभर स्तनपान सप्ताह साजरा होतो. रुग्णालयांच्या भिंतींवर फलक लागतात, व्याख्याने होतात आणि आईच्या दुधाचे महत्त्व पुन्हा एकदा सांगितले जाते. त्यात गैर काही नाही. मात्र या सगळ्या प्रचाराचा केंद्रबिंदू बाळ असते. बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला पहिल्या काही आठवड्यांत जे सोसावे लागते, त्याची चर्चा घराच्या चार भिंतींबाहेर क्वचितच येते. छाती दगडासारखी दाटणे, स्तनाग्राला चिरा पडणे, गाठ येऊन ठणका लागणे आणि अखेर थंडी वाजून ताप भरणे, ही वेदनांची साखळी अनेक बाळंतिणींच्या वाट्याला येते. वैद्यकशास्त्र तिला ‘स्तनदाह’ म्हणते. हा विकार बहुतेक वेळा टाळता येतो आणि वेळीच लक्ष दिल्यास लवकर आटोक्यातही येतो. तरीही त्यापायी अनेक मातांचे अंगावर पाजणे अकाली थांबते. ही केवळ वैद्यकीय बाब नाही. प्रसूतीनंतर स्त्रीला आधार देण्याची आपली व्यवस्था नेमकी कोठे तोकडी पडते, हे या दुखण्यातून उघड होते.

आकड्यांमागचे चित्र

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत झाल्याचे दिसून आले. आधीच्या फेरीत हे प्रमाण ७८.९ टक्के होते. पाच वर्षांतील ही वाढ निश्चितच अभिमानास्पद आहे. परंतु जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेल्या बाळांचे प्रमाण आधीच्या फेरीतील ४१.६ टक्क्यांवरून जेमतेम ४१.८ टक्क्यांवर गेले. याचा अर्थ, प्रसूती डॉक्टर आणि परिचारिकांच्या देखरेखीखाली होऊ लागली, तरी बाळाला वेळेवर छातीशी घेण्याचे काम मात्र होते तेथेच राहिले. त्याच सर्वेक्षणात पहिले सहा महिने निव्वळ स्तनपानाचे प्रमाण ५४.९ टक्क्यांवरून ६३.७ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे आढळले. म्हणजे मातांची इच्छा आहे, कुटुंबांची तयारी आहे. उणीव आहे ती सुरुवातीच्या दिवसांतील हाताशी असलेल्या मदतीची.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘मा’ हा स्तनपान प्रोत्साहन कार्यक्रम सुरू केला. अभिनेत्री माधुरी दीक्षित यांचा चेहरा त्याला लाभला. बाटलीच्या दुधाच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा तर १९९२ पासूनच अस्तित्वात आहे आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, हे तर या शहराचे भूषणच आहे. धोरणांची आणि प्रेरणेची आपल्याकडे वानवा नाही. प्रश्न आहे तो ‘पाजा’ असे सांगितल्यानंतर पाजताना अडचण आली तर कोणाकडे जायचे, हा.

दुखणे सुरू होते तरी कसे?

प्रसूतीनंतर साधारणपणे दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान मातेला भरपूर दूध येऊ लागते. या वेळी छाती भरून येणे स्वाभाविक असते. बाळाने नीट पकड घेऊन वरचेवर दूध ओढले, तर एक-दोन दिवसांत ताण ओसरतो. पकड चुकली, बाळाला वेळेवर घेतले नाही, किंवा मध्येच वरचे दूध दिल्याने बाळ भूक असूनही छातीला लागले नाही, तर स्तनातील सूज वाढते. बाहेरून येणाऱ्या सुजेमुळे आतील दुग्धनलिका दबतात, दूध पुढे सरकत नाही आणि एखाद्या भागात लाल, गरम, दुखरी गाठ हाताला लागते. येथपर्यंत जंतुसंसर्ग असेलच असे नाही. मात्र ही अवस्था लांबली, तर ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’सारखे जंतू डाव साधतात. त्यानंतरही दुर्लक्ष झाले तर पू साठून गळू तयार होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये या विषयावर प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेनुसार, स्तनदाहाचे प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये अगदी थोड्या मातांपासून ३३ टक्क्यांपर्यंत आढळते. बहुतांश ठिकाणी ते दहा टक्क्यांच्या आत असते. हा त्रास प्रसूतीनंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात सर्वाधिक दिसतो, असेही या पुस्तिकेत नमूद आहे. तीव्र स्तनदाह झालेल्यांपैकी सुमारे ३ ते ११ टक्के मातांमध्ये तो गळवापर्यंत जातो, असे अलीकडच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. टक्केवारी लहान वाटली, तरी देशात दरवर्षी होणाऱ्या कोट्यवधी प्रसूती लक्षात घेता ही संख्या मोठी होते.

येथेच वेळापत्रकातील विसंगती लक्षात येते. सर्वसाधारण प्रसूतीनंतर स्त्रीला दोन-तीन दिवसांत घरी पाठवले जाते. छाती दाटण्याचा काळ नेमका त्याच सुमारास सुरू होतो आणि स्तनदाहाचा काळ त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी येतो. म्हणजे अडचण उभी राहते तेव्हा परिचारिका जवळ नसते. ग्रामीण भागात आशा कार्यकर्तीने रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी भेट द्यावी, अशी योजना २०११ पासून आहे. या भेटी प्रामाणिकपणे झाल्या तर धोक्याचा बहुतेक काळ त्यांत येतो. शहरातील मध्यमवर्गीय बाळंतिणीला मात्र अशी घरी येणारी व्यक्ती सहसा नसते. खासगी रुग्णालयातून निघताना तिच्या हाती बाळाच्या लसीकरणाचा तक्ता असतो. स्वतःच्या तपासणीची तारीख बहुधा सहा आठवड्यांनंतरची असते.

उपचारांची दिशा बदलली

या विषयातील सर्वांत महत्त्वाची घडामोड म्हणजे उपचारांच्या विचारात गेल्या काही वर्षांत झालेला बदल. पूर्वीचा विचार असा होता की, एखादी दुग्धनलिका ‘तुंबते’, तिच्यात दुधाची गाठ अडकते आणि ती बाहेर काढणे हाच उपाय. त्यामुळे गरम शेक द्या, जोराने मालीश करा, पाजून झाल्यावर पंपाने स्तन पूर्ण रिकामा करा, असा सल्ला दिला जाई. ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या स्तनपानविषयक डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये सुधारित सूचना प्रसिद्ध केल्या आणि या समजुतीला धक्का दिला.

या सूचनांनुसार स्तनातील दुग्धनलिका असंख्य आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. एका नलिकेत ‘बूच’ बसते हे चित्र बरोबर नाही. मूळ दोष आहे तो सुजेचा. सुजलेल्या भागावर जोर दिल्यास आतील नाजूक पेशींना इजा होते आणि सूज आणखी वाढते. पंप लावून स्तन सतत रिकामा करत राहिल्यास शरीर अधिक दूध तयार करते, म्हणजे आगीत तेलच. म्हणून बाळाच्या भुकेप्रमाणे पाजत राहावे, मात्र ‘रिकामे करण्याचा’ अट्टहास करू नये. गरम शेकाऐवजी थंड शेक द्यावा. वेदना आणि सूज कमी करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. मालीश करायचेच तर त्वचेवरून पिसासारखा हलका हात काखेच्या आणि गळपट्टीच्या हाडाच्या दिशेने फिरवावा, असे आता सांगितले जाते.

हा बदल सर्वांनी एकमुखाने स्वीकारला आहे असे नाही. गरम शेकाने काही मातांना बरे वाटते, हे नव्या सूचनाही मान्य करतात. फक्त त्याने सूज वाढू शकते याकडे त्या लक्ष वेधतात. अनेक वर्षे मातांना मदत करणाऱ्या काही सल्लागारांनी नव्या सूचनांतील काही मुद्द्यांवर आक्षेपही घेतले आहेत. या विषयावरील संशोधनच मुळात तुटपुंजे आहे, हे त्यामागचे खरे कारण होय. स्तनदाहावरील प्रतिजैविकांच्या परिणामाचा आढावा ‘कॉक्रेन’ने २०१३ मध्ये घेतला, तेव्हा निकषांत बसणारे केवळ दोन अभ्यास आणि त्यांत मिळून १२५ स्त्रिया सापडल्या. एवढ्या सार्वत्रिक दुखण्याविषयी एवढे थोडे संशोधन व्हावे, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

प्रतिबंधाच्या बाबतीतही हेच घडले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉक्रेन’च्या दुसऱ्या आढाव्यात दहा अभ्यास आणि ३ हजार ३४ स्त्रियांचा समावेश होता. उपकारक जिवाणूंच्या गोळ्या, म्हणजे ‘प्रोबायोटिक्स’, स्तनदाहाचा धोका कदाचित कमी करत असतील, असा संकेत त्यातून मिळाला. मात्र सहाशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या सर्वांत मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष उपलब्धच झाले नाहीत. गोळ्या पुरवणारी कंपनी आणि संशोधक यांच्यातील कराराचे कारण त्यासाठी पुढे आले. बाजारात अशी उत्पादने ‘मातांसाठी’ म्हणून विकली जात असताना हा तपशील ग्राहकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

परंपरा आणि मालीशवाली बाई

मराठी घरांतील बाळंतपणाच्या परंपरेकडे या प्रकाशात पाहिले, तर काही गोष्टी तावून सुलाखून निघतात, तर काहींचा फेरविचार करावा लागतो. सव्वा महिना विश्रांती, माहेरचा आधार, कामाच्या रगाड्यातून सुटका या गोष्टी बाळंतिणीला आजही मोलाच्या आहेत. परंतु दूध वाढावे म्हणून पहिल्या दिवसापासून अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि शतावरी कल्पाचा मारा करताना, आधीच छाती दाटलेल्या स्त्रीला दूध ‘वाढवण्याची’ गरज आहे का, याचा विचार होत नाही. गाठ आली की मालीशवाल्या बाईकडून ती ‘मोडून’ घेण्याची पद्धत तर थेट अपायकारक ठरू शकते. गरम विटेचा किंवा तव्यावरच्या कापडाचा शेक घेताना त्वचा भाजण्याचा धोकाही असतोच. या सगळ्यामागे माया असते, हे खरे. म्हणूनच आजी आणि आईला विश्वासात घेऊन हा बदल समजावून सांगणे आवश्यक आहे. बाळंतिणीच्या खोलीत डॉक्टरांपेक्षा त्यांचा शब्द अधिक चालतो.

आणखी एक समज खोलवर रुजलेला आहे. ताप आला, छाती लाल झाली, की ‘दूध नासले, बाळाला पाजू नको’ असे सांगितले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. सुदृढ बाळाला स्तनदाह झालेल्या आईचे दूध सर्वसाधारणपणे बाधत नाही. दूध किंचित खारट लागल्याने बाळ कुरकुर करू शकते, एवढेच. याउलट पाजणे एकाएकी थांबवले, तर दूध साठून दुखणे बळावते आणि गळू होण्याची शक्यता वाढते. अपवाद आहेत. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असेल, किंवा मातेला एचआयव्हीची बाधा असेल, तर पाजण्याबाबतचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयास हवा.

काय करावे, केव्हा धावावे

प्रतिबंधाचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पहिल्या दिवसापासून बाळाची पकड नीट असणे. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असावा; केवळ स्तनाग्र नव्हे तर भोवतालचा काळसर भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात जावा. पाजताना सतत कळा येत असतील किंवा स्तनाग्राला चिरा पडत असतील, तर ती सहन करण्याची नव्हे, तर पकड सुधारण्याची सूचना समजावी. घड्याळ लावून पाजण्याऐवजी बाळ मागेल तेव्हा, रात्रीसुद्धा, पाजावे. घट्ट अंतर्वस्त्रे, पट्टे किंवा पदराची करकचून बांधणी टाळावी. प्रत्येक वेळी साबणाने स्तनाग्र धुण्याची गरज नाही. त्याने त्वचा कोरडी पडून फुटते. पाजणे थांबवायचे असेल तर ते हळूहळू, एकेक वेळ कमी करत थांबवावे.

गाठ किंवा लाली दिसू लागली की पहिले चोवीस तास विश्रांती, थंड शेक, वेदनाशामक औषध आणि भुकेप्रमाणे पाजणे एवढ्याने अनेकींना उतार पडतो. छाती इतकी दाटली असेल की बाळाला पकडच घेता येत नाही, तर हाताने थोडे दूध काढून स्तनमंडल मऊ करून घ्यावे. चोवीस तासांत फरक पडला नाही, ताप चढत गेला, थंडी भरून आली किंवा लाली पसरू लागली, तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये. जंतुसंसर्ग असल्यास बाळाला पाजत असतानाही घेता येतील अशी प्रतिजैविके उपलब्ध आहेत. ती साधारण दहा ते चौदा दिवस द्यावी लागतात. औषध सुरू होऊनही दोन दिवसांत उतार पडला नाही, तर दुधाची जंतुतपासणी आणि सोनोग्राफी आवश्यक ठरते.

येथे दोन टोकांच्या चुका संभवतात. एका बाजूला, सूज दिसताच प्रतिजैविकांचा मारा होतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचे संकट त्यातूनच गडद झाले आहे. जंतुसंसर्ग नसलेल्या सुजेला अशा गोळ्यांचा उपयोग नाही. दुसऱ्या बाजूला, चार दिवसांत ताप उतरला म्हणून औषध अर्ध्यावर सोडले जाते आणि दुखणे उलटते.

गळू झाल्यावर पूर्वी बहुतेकदा मोठा छेद घेतला जाई आणि पाजणे बंद करायला सांगितले जाई. आता सोनोग्राफीच्या साह्याने सुईने पू काढणे किंवा लहान नळी बसवणे शक्य असते आणि अनेकदा पाजणेही चालू ठेवता येते. मात्र गाठ वारंवार होत असेल, जखम भरत नसेल किंवा उपचारांनंतरही लाली हटत नसेल, तर स्तनाचा क्षयरोग अथवा कर्करोग यांची शक्यता तपासून पाहणे गरजेचे आहे. ‘पाजणाऱ्या बाईला गाठ येतेच’ असे म्हणत महिने काढणे धोक्याचे ठरू शकते.

कामावर परतताना

धोक्याचा दुसरा टप्पा येतो तो नोकरीवर परतल्यावर. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेचा भाग झाली आहे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन विश्रांती आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर, या तरतुदीही कायम आहेत. पण २६ आठवड्यांपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले, तर नंतर १८ आठवडे, म्हणजे जेमतेम चार महिने उरतात. सहा महिने निव्वळ स्तनपानाचा सरकारी आग्रह आणि सरकारी रजा यांचा मेळ येथेच तुटतो. घरकाम करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या, रोजंदारीवरील स्त्रियांच्या वाट्याला तर एवढेही येत नाही.

उपनगरी गाडीचा दीड तासाचा प्रवास, आठ तासांचे काम आणि परतीचा प्रवास, असे गणित मांडले तर दूध न काढता दहा-अकरा तास सहज उलटतात. छाती दाटण्यास आणखी निमित्त लागत नाही. कार्यालयात दूध काढण्यासाठी आडोसा नसेल, तर अनेक जणींना स्वच्छतागृहाचा आधार घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी स्वतंत्र जागा देण्याच्या मुद्द्यावर राज्यांना पावले उचलण्यास सांगितले. नियोजनाच्या अवस्थेतील सार्वजनिक इमारतींमध्ये अशी जागा राखून ठेवावी आणि अस्तित्वात असलेल्या इमारतींमध्ये शक्य तेथे ती करावी, असा त्याचा आशय होता. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीचे नाव देऊन एसटी स्थानकांवर असे कक्ष यापूर्वीच उघडण्यात आले. ते अनेकदा कुलूपबंद असल्याच्या तक्रारीही वेळोवेळी प्रसिद्ध झाल्या आहेत. कक्षाची पाटी लावणे सोपे असते. तो स्वच्छ आणि उघडा ठेवणे यासाठी कोणावर तरी जबाबदारी टाकावी लागते.

हिशेब कशाचा ठेवायचा?

या प्रश्नावर फार मोठ्या खर्चाची योजना लागत नाही. प्रसूतीनंतर घरी पाठवण्यापूर्वी प्रत्येक मातेचे एक पाजणे प्रशिक्षित परिचारिकेने प्रत्यक्ष पाहावे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आणि पुन्हा दुसऱ्या आठवड्यात एक दूरध्वनी किंवा भेट व्हावी. बाळाच्या लसीकरणाच्या वेळी आईलाही ‘छातीला त्रास आहे का’ एवढे विचारले जावे. शहरी आरोग्य केंद्रांत आणि खासगी प्रसूतिगृहांत या तीन गोष्टी रुळल्या, तर बहुतेक दुखणी गाठीच्या पायरीवरच रोखता येतील. परिचारिका आणि आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षणात बदललेल्या उपचारांचा समावेश होणेही तितकेच आवश्यक आहे. अन्यथा जोराने मालीश करण्याचा कालबाह्य सल्ला सरकारी शिक्क्यासह दिला जात राहील.

स्तनपानाचे यश आज किती बाळांना आईचे दूध मिळाले यावर मोजले जाते. किती मातांनी वेदनेपायी ते सोडले, किती जणींना गळवाची शस्त्रक्रिया सोसावी लागली, याचा हिशेब कोणी मागत नाही. जोवर तो मागितला जात नाही, तोवर तापाने फणफणलेल्या बाळंतिणीला ‘आईपण सोपे नसते’ एवढेच ऐकवले जाईल. आईपण सोपे नसते हे खरेच. परंतु त्यातील ज्या वेदना वेळीच मिळालेल्या साध्या सल्ल्याने टळू शकतात, त्या सोसण्याची सक्ती तिच्यावर कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर आरोग्य यंत्रणेने द्यावयास हवे.